हरभऱ्याची आंब

दिवाळीत बेसनाचा लाडू आपल्या तोंडात विरघळत असतो, त्याच सुमारास शेतकरी पुढल्या सालच्या लाडवांची पेरणी उरकत असतो. हरभरा मूळचा आपला नव्हे. त्याचा रानटी भाऊबंद आजही तुर्कस्तानच्या आग्नेय भागात उगवतो. पण आपल्या काळ्या रानात तो असा रुळला, की त्याला परका म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.

ह्या झाडाने आपल्या बचावाची तजवीज स्वतःच केली आहे. पानांवरच्या बारीक लवेतून एक आम्ल पाझरते, तीच आंब. आपल्या आयाआज्या पहाटे दवाने भिजलेल्या हरभऱ्यावरून धुतलेले फडके फिरवीत, ते पिळून आंब बाटलीत भरीत आणि पोट बिघडले की थेंबथेंब देत. ह्या आंबटपणामुळे पुष्कळ किडे हरभऱ्याच्या वाटेस जात नाहीत. जुमानत नाही ती एक घाटेअळी! अर्धे अंग घाट्यात खुपसून ती दाणा फस्त करते. तिच्यावर जुना इलाज हातांचा आणि पाखरांचा.

१९३९ साली पॉल म्युलर ह्यांनी डीडीटीचा कीटकनाशक गुण ओळखला, १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि एकामागून एक विषारी औषधे शेतांत आली. फवाऱ्याने अळ्या मेल्या. अळ्यांना खाणारे किडेही मेले. विषातून वाचलेल्या अळ्यांची प्रजा मात्र अधिक निगरगट्ट निपजली. १९८७ च्या सुमारास आंध्रच्या कपाशीत हीच अळी नव्या पायरेथ्रॉइड औषधांनाही दाद देईना. शेतकरी कर्ज काढून फवारीत राहिला, अळी बोंडे खात राहिली. दोन एकरांच्या धन्याला हा जुगार परवडावा कसा?

शास्त्रज्ञ मग पुन्हा पाखरांकडे वळले, हे मला फार मौजेचे वाटते. हरभऱ्यात ज्वारीचे थोडे दाणे टाकावेत किंवा काठ्यांचे पक्षिथांबे रोवावेत. कोतवाल, साळुंकी तेथे बसून अळ्या टिपतात. पाच टक्के निंबोळी अर्क घरीच होतो. आणि घाटेअळीलाही तिचा म्हणून एक विषाणुरोग आहे. रोगाने मेलेली अळी शेंड्याला उलटी लोंबकळते. अशा अळ्या वाटून, गाळून ते पाणी पिकावर फवारतात, तेही सांजावल्यावर. कारण उन्हात तो विषाणू टिकत नाही.