सात अक्षरांचा प्रतिपिंड

भवानीनगरच्या मळ्यात उसाच्या टिपरीवरील डोळा फुटू लागतो, तेव्हा त्यातील पेशींच्या विभाजनास चालना देणारे जे कायनेज प्रथिन असते, त्याचेच सगोत्र यीस्टमध्ये, बेडकाच्या अंड्यात व मानवी देहातही आढळते. इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणे हे त्याचे कार्य. हे गोत्र ज्या रीतीने उलगडत गेले, ती भाषाभ्यासकास परकी वाटू नये.

1987 साली मेलानी ली व पॉल नर्स यांनी यीस्टमधील सदोष जनुकाचे कार्य मानवी जनुक करू शकते, असे दाखविले. दोन्ही प्रथिने ताडून पाहता सोळा अॅमिनो आम्लांची एक ओळ अक्षरशः एकच निघाली. तिच्या पोटात पी-एस-टी-ए-आय-आर-ई ही सात संक्षेपाक्षरे येतात. प्रयोगशाळेत त्यांचा उच्चार 'पिस्टेअर' असा रूढ झाला. ह्या ओळीचा कृत्रिम तुकडा प्राण्यास टोचून मिळविलेला प्रतिपिंड, ती ओळ दिसेल तेथे जाऊन चिकटतो. बेडकाच्या अंड्यातील ज्या विभाजनप्रेरक घटकाचे अस्तित्व 1971 पासून ज्ञात होते, त्यात हेच कायनेज आहे, हे 1988 साली अशाच प्रतिपिंडाने दाखवून दिले. पुढच्याच वर्षी क्लॅमिडोमोनास ह्या शैवालात व उच्च वनस्पतींतही त्याचा माग लागला.

येथे मात्र थांबून विचार करणे प्राप्त आहे. 'शिक्षा' हा शब्द मराठीत दंड व हिंदीत अध्ययन सुचवितो. केवळ रूप पाहणाऱ्यास हा भेद कळणार नाही. प्रतिपिंडही रूपच पाहतो. 1991 साली दुसरे मानवी कायनेज हाती आले; त्यातही तीच सात अक्षरे, आणि वजनही जवळजवळ तेवढेच! तोवर सुमारे चौतीस हजार वजनाचा जो पट्टा उमटे, तो पहिल्याच प्रथिनाचा मानण्याकडे अभ्यासकांचा कल होता. ती ओळख केवळ ह्या पुराव्यावर आता टिकेना. दोन्ही प्रथिनांची शेपटे भिन्न असल्याने शेपटाविरुद्धचे प्रतिपिंड वापरावे लागले. शब्दाची व्युत्पत्ती लावताना केवळ धातूवर न विसंबता प्रत्यय तपासावा, तसेच हे.

ही अक्षरे इतकी अविकृत का राहिली, ह्याचे उत्तर 1995 साली स्फटिकरचनेतून मिळाले: सायक्लिन हे सहचर प्रथिन ज्या मळसूत्रास बिलगते, त्याच मळसूत्रावर ती आहेत. वनस्पतींत ह्याच कुळाची आणखी एक शाखा आहे. तिच्यात त्या जागी पी-पी-टी-ए-एल-आर-ई अशी अक्षरे येतात. उसाच्या डोळ्यातील ह्या दुसऱ्या भाऊबंदांची गणती पिस्टेअरच्या प्रतिपिंडावर सोपविता येत नाही.