पाळवणकर बाळू : चेंडूचा स्पर्श आणि चहाचा विटाळ

आमच्या परभणीकडे पाळवणकर बाळू हे नाव निघालेच तर एकाच संदर्भात निघते. १९३७ साली काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून पडले ते हे गृहस्थ. मते १३,२४५ विरुद्ध ११,२२५. एवढ्यावर आपण त्यांना निकालात काढतो. मला हे पटत नाही.

१८७६ साली धारवाडला चांभाराच्या घरी जन्मलेले बाळू पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडीत. पुढे युरोपियनांच्या क्लबात चार रुपये. जाळी बांधायची, रोलर फिरवायचा आणि ग्रेगसारख्या साहेबाला तासन् तास चेंडू टाकायचा. त्यांची डावखुरी फिरकी अशी चाकरीत घडली. बॅट मात्र कोणी हाती दिली नाही. फलंदाजी साहेबाची, राबणे नोकराचे. हीसुद्धा वर्णव्यवस्थाच की!

पुण्याच्या हिंदूंना साहेबाला हरवायचे होते, म्हणून बाळू हवेसे झाले. त्यांच्या बोटांतून सुटलेला कातडी चेंडू सवर्ण खेळाडू बिनदिक्कत झेलीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा आणि जेवायला वेगळे पान. एकत्र खेळता तर एकत्र जेवायला काय हरकत, असे न्यायमूर्ती रानड्यांनी सुनावले. विटाळ थोडा सैल झाला. पण तो रानड्यांपेक्षा विकेटींमुळे झाला, असे माझे मत आहे.

प्लेगच्या साथीत ते मुंबईस आले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरविले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. परतल्यावर झालेल्या सत्कारात तरुण भीमराव आंबेडकरही होते. तरी कर्णधारपद? नाव काढायचे नाही. १९२० साली बाळूंना वगळले आणि त्यांच्या भावांना डावलून देवधरांना कर्णधार केले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायचे नाकारले व जाहीर पत्रक काढले. मग बाळूंना उपकर्णधार म्हणून बोलावणे आले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले.

दार असे बोटभर उघडताना ज्याने पाहिले, त्याला सवर्णांचे मन वळेल असे वाटले तर नवल नाही. पुणे करारावर त्यांची सही त्याच विश्वासातून झाली असावी. बाबासाहेबांनी त्याच दारापाशी उभे राहून वेगळा निष्कर्ष काढला, आणि तो बरोबर होता. पण भावांचे ते पत्रक बाबासाहेबांच्या महाडच्या सात वर्षे आधीचे आहे, हे आपल्या कुठल्या इतिहासात लिहिले आहे?

बाळू १९५५ च्या जुलैत मुंबईत वारले.