वैरणीतला युरिया

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातले भाताचे तालुके. साखर कारखाने घाटावर. उसाचं वाढं इकडे आलंच तर तेही वरूनच उतरायचं. इथली हक्काची वैरण म्हणजे पेंढा. कर्जतला भाताचं संशोधन 1919 पासून चालू आहे, पण नव्या वाणाची चर्चा बहुतेक दाण्यापाशीच थांबते. वाण बुटके झाले तसा पेंढाही तोकडा झाला. जो हाती येतो त्यानं जनावराचं पोट भरतं, दूध वाढत नाही. त्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के, शिवाय सिलिकाचा भरणा. गंमत अशी, की या निःसत्त्व पेंढ्याला आणि साखरेनं भरलेल्या उसाला तज्ज्ञ एकच औषध सांगतात : युरिया.

पेंढ्याच्या औषधाचं मूळ पहिल्या महायुद्धातल्या जर्मनीत आहे. जनावरांचा खुराक तुटला तेव्हा अर्न्स्ट बेकमन या रसायनशास्त्रज्ञानं काड कॉस्टिक सोड्यात भिजवून पचायला हलकं करण्याची रीत बसवली. पण नंतर ते धुवायला पाणी फार लागे आणि त्या पाण्याबरोबर सत्त्वही वाहून जाई. पुढे सोड्याऐवजी अमोनिया आला, पण त्याच्या टाक्या आपल्याकडच्या वाडीवस्तीवर कोण नेणार? 1970 नंतर आशियात युरिया पुढे आला तो यामुळेच. ओल्या पेंढ्यात युरियाचा आपोआप अमोनिया होतो. भारतात 1980 च्या दशकात भारत-डच प्रकल्पानं यावर पुष्कळ काम केलं. त्याच दशकात थळचा आर.सी.एफ. खत कारखाना सुरू झाला आणि युरिया रायगड जिल्ह्यातच बनू लागला.

कृती सोपी आहे. 100 किलो सुक्या पेंढ्याला 4 किलो युरिया, 40 ते 60 लिटर पाण्यात विरघळवून. थर द्यायचा, शिंपायचं, तुडवायचं, वर प्लॅस्टिक घट्ट झाकायचं. तीन आठवड्यांनी पेंढा पिवळसर तपकिरी आणि मऊ होतो, प्रथिनं सात-आठ टक्क्यांपर्यंत जातात.

उसाचं दुखणं नेमकं उलटं. मुरघास, म्हणजे खड्ड्यात दाबून आंबवलेला चारा, टिकतो तो आंबटपणावर, आणि हा आंबटपणा साखरेतून येतो. ज्या चाऱ्यात साखर कमी त्यात मळी घालायची, ही जुनी युक्ती. फिनलंडच्या व्हिर्तानेन यांनी तर 1930 च्या सुमारास चाऱ्यावर थेट आम्लच ओतलं. 1945 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. उसात मात्र साखर इतकी, की यीस्ट तिच्यावर तुटून पडतं, तिचं मद्य होतं आणि खड्ड्याला हातभट्टीसारखा वास सुटतो. चाऱ्यातला सुका अंश बराच घटतो. म्हणून ब्राझीलमध्ये उसाच्या मुरघासात युरिया, चुना किंवा लॅक्टोबॅसिलस बुकनेरी हे जिवाणू घालून पाहिले. बुकनेरी ॲसेटिक आम्ल तयार करतो आणि यीस्टला आवरतो; युरियाचा अमोनियाही यीस्टला तसाच आवरतो. म्हणजे इथे युरियाकडून पहिली अपेक्षा पोषणाची नाही, पहाऱ्याची आहे. आपल्या घाटावर ऊस मुरवण्याची निकड फारशी पडली नाही, कारण तो शेतात उभाच टिकतो. वाढ्यातल्या ऑक्झलेटवर चुन्याची निवळी मारा, एवढा सल्ला मात्र तिथे नेहमी ऐकू येतो.

कर्जतकरांच्या कामाचा आहे तो युरियाचा हा पहारा. भिवपुरीच्या टाटा वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर राजनाल्याच्या काठी उन्हाळी भात होतो. त्याची झोडणी लांबली आणि वळवानं गाठलं, की पेंढा भिजतो, बुरशी धरतो, काळा पडतो. असा ओला पेंढा युरिया लावून झाकला तर अमोनिया बुरशीला रोखतो, आणि युरिया विरघळवण्यापुरतं सोडलं तर वेगळं पाणीही लागत नाही.

खरिपाच्या सुक्या पेंढ्यासाठी ही पद्धत देशभर फार कमी शेतकऱ्यांनी उचलली, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. पाणी, मजुरी, प्लॅस्टिक एवढं सगळं भाकड गाईसाठी कोण खर्चील? दुभत्या जनावराला, तेही दुसरी वैरण नसताना, हिशोब जमतो.

करून पाहणाऱ्यांनी इतकं पाळावं : युरिया मोजूनच घ्यावा आणि पूर्ण विरघळवावा, पेंढा काढल्यावर वास उडेपर्यंत पसरून ठेवावा, सुरुवात थोड्यानं करावी आणि सहा महिन्यांखालच्या वासराला तो घालू नये. जनावर थरथरू लागलं, पोट फुगलं, तर वैरण बंद करून लगेच पशुवैद्यकाला बोलवावं.