नकाराचे वाचन : एका जीवाणूच्या दाव्याचा इतिहास

साहित्याच्या अभ्यासकाला पेटंट कार्यालयातील कागदपत्रे वाचावीशी वाटण्याचे कारण सहसा नसते. ती भाषा रुक्ष, वाक्ये लांबलचक आणि विषय यंत्रांचा वा रसायनांचा. तरीही शब्दाचा अर्थ कोण ठरवतो, लिहिणारा, वाचणारा की ज्या प्रसंगी तो वाचला जातो तो प्रसंग, हा आपल्या वर्गांतून नित्य चर्चिला जाणारा प्रश्न ज्या थोड्या ठिकाणी खरोखरीच्या हारजितीचा होतो, त्यांपैकी हे एक ठिकाण आहे. अर्जदार आपल्या शोधाचे वर्णन सादर करतो, परीक्षक ते वाचून नकार कळवतो आणि ठरावीक मुदतीत अर्जदाराला उत्तर द्यावे लागते. या उत्तरात गाऱ्हाणे चालत नाही आणि शोधाची थोरवी गाऊनही भागत नाही. नकार नेमका कोणत्या शब्दावर उभा आहे हे ओळखून त्या शब्दाचा अधिक सयुक्तिक अर्थ दाखवावा लागतो. नकाराला उत्तर देणे म्हणजे, आमच्या मते, नकाराचे नीट वाचन करणे होय. अशा एका वाचनाचा इतिहास येथे मांडावयाचा आहे. त्यात पणाला लागलेला प्रश्न लहान नव्हता : सजीवाला 'घडवलेली वस्तू' म्हणता येते काय?

बंगालमधील बीरभूम जिल्ह्यातील सैंथिया येथे १९३८ साली जन्मलेले आणि कलकत्ता विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवलेले आनंद मोहन चक्रवर्ती १९७१ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत रुजू झाले. खनिज तेलातील निरनिराळी हायड्रोकार्बने पचवण्याची क्षमता स्यूडोमोनस कुळातील निरनिराळ्या जीवाणूंत विखुरलेली असते. ही क्षमता मुख्य गुणसूत्राबाहेरच्या प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांवर असते. असे अनेक प्लास्मिड एकाच जीवाणूत स्थिरपणे नांदवण्यात चक्रवर्तींना यश आले. समुद्रावर सांडलेल्या तेलाचा तवंग अशा जीवाणूने फस्त करावा, ही त्यामागची कल्पना.

७ जून १९७२ रोजी अर्ज दाखल झाला. त्यात ३६ दावे होते. अमेरिकी रिवाजाप्रमाणे प्रत्येक दावा, कितीही गुंतागुंतीचा असला तरी, एकाच वाक्यात लिहावा लागतो. त्या वाक्यातील एकेक विशेषण मालकीच्या कुंपणाचा खांब असतो. चक्रवर्तींचे दावे तीन प्रकारचे होते : जीवाणू तयार करण्याची पद्धत, पाण्यावर तरंगणाऱ्या पेंढ्यासारख्या माध्यमावर सोडलेले त्याचे विरजण आणि स्वतः तो जीवाणू. परीक्षकाने पहिले दोन प्रकार मान्य केले, तिसरा नाकारला. वरवर पाहता बहुतेक सारे मिळालेच होते. परंतु जीवाणू ही वस्तू यंत्रासारखी नसते. ती एकदा हाती आली की स्वतःच वाढते आणि मूळ पद्धत पुन्हा वापरावी लागत नाही. पद्धतीवरचा हक्क अशा वस्तूला बांधून ठेवू शकत नाही. म्हणूनच उरलेल्या एका नकारासाठी पुढे आठ वर्षे झगडा चालला.

नकाराची कारणे दोन होती. पहिले असे की सूक्ष्मजीव हे निसर्गाचे उत्पादन आहे. दुसरे असे की सजीव वस्तू मुळातच पेटंटच्या विषयक्षेत्रात येत नाही. वाचकाच्या लक्षात येईल की ही दोन कारणे एकमेकांसारखी भासली तरी एकाच जातीची नाहीत. पहिले कारण वस्तुस्थितीविषयी आहे, दुसरे कायद्याच्या शब्दांविषयी. दोहोंना एकच उत्तर देणे ही चूक ठरली असती.

पहिल्या कारणामागे जुनी परंपरा होती. १८८९ मध्ये पाइन वृक्षाच्या सुयांतून काढलेल्या धाग्यावरील हक्क पेटंट आयुक्तांनी नाकारला होता, कारण धागा निसर्गाने आधीच घडवलेला होता. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करणाऱ्या जीवाणूंचे एक मिश्रण नाकारले. त्या मिश्रणात प्रत्येक जीवाणू आपापल्या स्वाभाविक गुणानेच वागत होता, माणसाने त्याला नवे काही दिले नव्हते. चक्रवर्तींच्या बाजूला या निर्णयांवर वाद घालण्याची गरज नव्हती. त्यांतील फरक दाखवणे पुरेसे होते. दोन वा अधिक असे प्लास्मिड बाळगणारा स्यूडोमोनस निसर्गात आढळत नाही. हे म्हणणे पेटंट कार्यालयाच्याच अपील मंडळाला पटले आणि पहिले कारण गळून पडले. विरोधी निर्णय खोडून न काढता त्याची व्याप्ती आखून देणे, ही कायदेशीर युक्तिवादातील सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत उपयोगी पडणारी रीत आहे.

दुसरे कारण मात्र मंडळाने उचलून धरले. येथे आपण कायद्याच्या शब्दांपाशी येतो. अमेरिकेच्या १७९३ च्या अधिनियमात पेटंटयोग्य गोष्टींचे चार वर्ग सांगितले होते : आर्ट, मशीन, मॅन्युफॅक्चर आणि कंपोझिशन ऑफ मॅटर, म्हणजे कला, यंत्र, घडवलेली वस्तू आणि द्रव्यांचा संयोग. न्यायालयाने पुढे हा मजकूर टॉमस जेफरसनच्या नावे मांडला. १९५२ च्या कायद्यात 'आर्ट'च्या जागी 'प्रोसेस' आले, बाकीचे तीन शब्द तसेच राहिले. मॅन्युफॅक्चर या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील 'हात' आणि 'करणे' आहेत, म्हणजे हस्तकृत. त्या शब्दात सजीव-निर्जीव असा भेद कुठेच नाही. पण म्हणून सजीव त्यात येतो असे म्हणावे, की कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते म्हणून येत नाही असे म्हणावे?

मंडळाने दुसरा मार्ग पत्करला. १९३० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कलमांनी वा तत्सम रीतीने वाढवलेल्या काही वनस्पतींसाठी स्वतंत्र कायदा केला होता. सजीव आधीपासूनच पेटंटयोग्य असते तर हा कायदा कशाला लागला असता, हा मंडळाचा प्रश्न बिनतोड वाटतो. चक्रवर्तींच्या बाजूचे उत्तर इतिहासातून आले. १९३० पूर्वी वनस्पतींच्या वाटेत दोन अडचणी होत्या. एक, त्यांना निसर्गाचे उत्पादन मानले जात असे. आणि दोन, नव्या फुलाचा रंग वा गंध शब्दांत पुरेसा वर्णन करता येत नसल्याने लेखी वर्णनाची अट पूर्ण होत नसे. १९३० च्या कायद्याने या दोन अडचणी दूर केल्या. सजीवतेचा अडसर होता म्हणून तो झाला, असे त्यातून निष्पन्न होत नाही. शिवाय १८७३ मध्ये खुद्द लुई पाश्चरला रोगजंतूविरहित यीस्टवर, तेही 'घडवलेली वस्तू' म्हणून, अमेरिकी पेटंट मिळाले होते. सर्वोच्च न्यायालयाने तळटीपेत या दाखल्याची नोंद घेतली.

सीमाशुल्क व पेटंट अपील न्यायालयाने १९७८ मध्ये बहुमताने चक्रवर्तींच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी पार्कर विरुद्ध फ्लुक या गणिती सूत्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सावधगिरीचा इशारा दिला : काँग्रेसच्या कल्पनेत नसलेल्या क्षेत्रांत पेटंटचा विस्तार जपून करावा. प्रकरण फेरविचारासाठी परत गेले. १९७९ मध्ये अपील न्यायालयाने आपला निर्णय कायम ठेवला. तो लिहिणारे न्यायाधीश जाइल्स रिच हे १९५२ च्या कायद्याच्या मसुदाकारांपैकी एक होते. लेखकाने स्वतःच्याच संहितेचे भाष्यकार व्हावे, असा हा प्रसंग. लेखकाचा हेतू प्रमाण मानावा काय, या आपल्या वादाला याहून चोख उदाहरण मिळणे कठीण.

१७ मार्च १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाला आणि १६ जून रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निर्णयात तीन गोष्टी आम्हांस विशेष वाचनीय वाटतात.

पहिली म्हणजे 'मॅन्युफॅक्चर'ची व्याख्या. ती १९३१ च्या एका निर्णयातून घेतली आहे, आणि त्या निर्णयाने ती शब्दकोशातून घेतली होती : कच्च्या वा सिद्ध द्रव्यांना नवे रूप, गुण वा संयोग देऊन वापरायच्या वस्तू तयार करणे. मौज अशी की त्या १९३१ च्या प्रकरणात बोरॅक्सचा लेप दिलेल्या संत्र्यांवरील हक्क नाकारला गेला होता. संत्र्याला बाहेर ठेवणाऱ्या शब्दांनी जीवाणूला आत घेतले.

दुसरी गोष्ट फ्लुकच्या इशाऱ्याला दिलेले उत्तर. कायदा करणाऱ्यांना जे सुचले नव्हते त्याला संरक्षण नाही असे म्हटले, तर पेटंटच्या मूळ कल्पनेलाच बाध येतो; कारण आधी सुचलेल्या गोष्टीला शोध म्हणतच नाहीत. सरकारचा आक्षेप सरकारवरच उलटवणारा हा तर्क संपूर्ण निर्णयातील सर्वांत देखणा आहे.

तिसरी गोष्ट मात्र अभ्यासकाला खटकावी अशी आहे. १९५२ च्या समितीच्या अहवालातील, सूर्याखालील मानवनिर्मित सर्व काही पेटंटच्या कक्षेत येते अशा अर्थाचा शब्दप्रयोग न्यायालयाने उद्धृत केला. तोच पुढे या निकालाचे ब्रीदवाक्य झाला. पण मूळ वाक्य तेथे संपत नाही. माणसाने घडवलेल्या वस्तूत सर्व काही येऊ शकेल, परंतु कायद्यातील अटी पूर्ण झाल्याखेरीज ते पेटंटयोग्य असेलच असे नाही, असा त्याचा एकूण आशय आहे. सावध करणाऱ्या वाक्याचा अर्धा भाग तोडून घेतला की तो घोषणा होतो. अवतरण देताना वाक्य कुठे तोडावे याबद्दल विद्यार्थ्यांना आपण जे सांगतो, ते किती गंभीर आहे हे यावरून दिसावे.

न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या विरोधी मताने त्याच मौनाचे उलटे वाचन केले. १९३० मध्ये काही वनस्पतींपुरते संरक्षण दिले गेले आणि १९७० च्या बियाण्यांविषयीच्या कायद्यातून जीवाणूंना स्पष्टपणे वगळण्यात आले. जेथे काँग्रेसने इतकी मोजूनमापून पावले टाकली, तेथे उरलेल्या मौनाचा अर्थ 'नाही' असाच घ्यावा लागतो, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंचे वाचन प्रामाणिक होते. एका मताच्या फरकाने एक वाचन कायदा झाले आणि दुसरे ग्रंथालयात गेले.

या विजयाची किंमतही नोंदवली पाहिजे. जेरेमी रिफ्किन यांच्या संघटनेने न्यायालयापुढे मांडलेल्या निवेदनात जनुकीय संशोधनाच्या धोक्यांचा आणि सजीवाला वस्तूच्या पातळीवर आणण्याचा प्रश्न होता. न्यायालयाने तो खोटा ठरवला नाही. तो आपल्या अधिकारातला नाही, संसदेने पाहावा, असे म्हणून बाजूला ठेवला. पेटंट नाकारल्याने संशोधन थांबणार नाही, जसा राजा कनूट भरतीला थोपवू शकला नाही, असेही त्याने म्हटले. चक्रवर्तींची बाजू जिंकली ती प्रश्न लहान केल्यामुळे : 'जीव म्हणजे काय' याऐवजी 'या शब्दात हे बसते काय'. नकाराला उत्तर देण्याची ही कला आहे आणि तिची मर्यादाही हीच आहे. प्रश्न लहान केल्याने उत्तर मिळते, पण मोठा प्रश्न जागच्या जागी राहतो.

तो तसा राहिला, याची साक्ष पुढच्या इतिहासात मिळते. ३१ मार्च १९८१ रोजी चक्रवर्तींना पेटंट मिळाले. २००२ च्या जानेवारीत कलकत्ता उच्च न्यायालयापुढे डिमिनाको या स्विस कंपनीचे प्रकरण आले. कोंबड्यांच्या रोगावरील लस बनवण्याच्या पद्धतीचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने नाकारला होता, कारण अंतिम उत्पादनात जिवंत विषाणू होता आणि म्हणून ते 'मॅन्युफॅक्चर' नव्हे. न्यायालयाने पुन्हा त्या शब्दाच्या रूढ अर्थाकडे पाहिले, सजीव उत्पादन त्यातून वगळलेले नाही असे ठरवले आणि अर्जाचा फेरविचार करायला लावले. ज्या नगरीत चक्रवर्ती शिकले, तेथेच हा वाद दुसऱ्यांदा झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या उंदराचे प्रकरण निकाली काढले. शब्द तेच, मॅन्युफॅक्चर आणि कंपोझिशन ऑफ मॅटर. मतेही पाच विरुद्ध चार. निकाल मात्र उलटा. उंदरासारखा उच्च प्राणी या शब्दांत बसत नाही. अमेरिकेत त्याच उंदराला १९८८ मध्ये पेटंट मिळून चुकले होते. पुढे २०१३ मध्ये मिरियडच्या प्रकरणात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने, शरीरातून केवळ विलग केलेला मानवी डीएनए हा निसर्गाचाच, असे एकमताने ठरवले. म्हणजे चक्रवर्तींच्या परीक्षकाचे जे पहिले कारण गळून पडले होते, ते तेहतीस वर्षांनी दुसऱ्या दाव्याविरुद्ध टिकले.

मराठीत आपण 'मानवनिर्मित' म्हणतो आणि 'निसर्गनिर्मित'ही म्हणतो. एकच क्रियापद दोघांनाही लागू करणाऱ्या भाषेत हा वाद मांडणेच अवघड आहे. 'कृत्रिम' म्हणजे मुळात केवळ 'केलेले'. त्यात खोटेपणाचा वास नंतर शिरला. शब्दांचे असे प्रवास न्यायालयांना थांबवता येत नाहीत. न्यायालय त्यांना एका मुक्कामी काही काळ थांबवून त्यांच्या नावे हक्क लिहून देते, इतकेच.

चक्रवर्ती २०२० मध्ये निवर्तले. तेल खाणारा तो जीवाणू समुद्रातील तवंगावर कधी सोडला गेला नाही. ज्या कामासाठी त्याला घडवले ते त्याने केले नाही. परंतु त्याच्यासाठी लिहिलेले उत्तर आजही जगभरच्या परीक्षकांच्या टेबलावर ठेवले जाते, आणि परीक्षक ते वाचून पुन्हा नवा नकार लिहितात.