खिडकीवर कोळ्याचं जाळं पुन्हा पुन्हा का होतं? ते कसं रोखायचं?

खिडकीच्या कोपऱ्यातलं जाळं काढावं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी नवं दिसावं, हा अनुभव अनेक घरांत येतो. मग बाजारातून स्प्रे आणला जातो, सोसायटीत पेस्ट कंट्रोल होतं. तरीही काही दिवसांनी जाळी परत येतात. याचं मोठं कारण म्हणजे खिडकीजवळचा रात्रीचा उजेड.

कोळ्याला खिडकी का आवडते?

दिव्याभोवती चिलटं, डास, पाकोळ्या जमतात. हेच कोळ्याचं खाद्य. शिवाय चौकट आणि ग्रिलमुळे जाळ्याचे धागे बांधायला आधार मिळतो, पावसापासून आडोसाही मिळतो.

ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात डॅन्यूब कालव्यावरच्या एका पादचारी पुलावर याचा अभ्यास झाला. 1999 साली तो प्रसिद्ध झाला. पुलाच्या कठड्याच्या उजेड असलेल्या भागात कोळ्यांची संख्या जास्त आढळली. प्रयोगशाळेत वाढलेल्या, दिव्याखाली शिकार करण्याचा अनुभव नसलेल्या कोळ्यांनीही उजेडाचीच जागा निवडली.

उंच मजल्यावर कोळी पोहोचतो कसा?

व्हिएन्नातल्या त्या पुलावरची जात म्हणजे 'लॅरिनिऑइडिस स्क्लोपेटेरियस'. हीच जात अमेरिकेत शिकागोच्या गगनचुंबी इमारतींवरही मोठ्या संख्येने आढळते. तिथे जवळच मिशिगन सरोवर आणि नदी असल्याने पाण्यावर वाढणारे कीटक भरपूर, आणि रात्रभर दिवेही चालू.

इतक्या उंचीवर जायला कोळ्याला चढावं लागत नाही. लहान पिल्लं हवेत बारीक धागा सोडतात आणि वाऱ्याबरोबर तरंगत जातात. इंग्रजीत याला 'बलूनिंग' म्हणतात. शिकागोतील 100 मजली जॉन हॅनकॉक सेंटरच्या रहिवाशांना या काळात खिडक्या बंद ठेवायची सूचना दिल्याच्या बातम्याही आल्या आहेत.

स्प्रे का पुरत नाही?

भिंतीवर मारलेलं औषध झुरळाच्या अंगाला लागतं, कारण ते पृष्ठभागाला घासत चालतं. कोळी मात्र पायांच्या टोकांवर चालतो आणि बराच वेळ जाळ्यातच असतो. त्यामुळे औषधाशी त्याचा संबंध कमी येतो. अंगावर थेट फवारलं तर तो मरतो, पण दिवा आणि कीटक तसेच राहिले की रिकाम्या जागी दुसरा कोळी येतो.

घरगुती उपायांचं काय? 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लिंबाच्या तेलाचा कोळ्यांवर परिणाम दिसला नाही. पेपरमिंट तेलापासून काही जाती दूर राहिल्या. पण उघड्या खिडकीवर असा वास फार टिकत नाही.

मग करायचं काय?

- गरज नसेल तेव्हा खिडकीजवळचा आणि गॅलरीतला दिवा बंद ठेवा. घरातला उजेड बाहेर जाऊ नये म्हणून पडदे ओढा.
- बाहेर पांढऱ्या-निळसर दिव्याऐवजी पिवळसर एलईडी लावा. त्याकडे तुलनेने कमी कीटक येतात.
- दिवा खिडकीच्या वर लावण्याऐवजी थोडा दूर लावा.
- जाळ्याबरोबर कापसासारखी दिसणारी अंड्यांची पिशवीही काढा. एका पिशवीत शेकडो अंडी असू शकतात.
- चौकटीच्या फटी बुजवा, मच्छरजाळीची भोकं दुरुस्त करा.
- लांब दांड्याचा झाडू आतूनच वापरा. उंच मजल्यावर बाहेर वाकून सफाई करू नका. बाहेरच्या काचांसाठी सुरक्षा साधनं असलेले प्रशिक्षित कामगारच बोलवा.

दिवाळीच्या साफसफाईत जळमटं काढली जातातच. पण पावसाळ्यात दिव्याभोवती कीटक वाढतात, तेव्हा दर आठवड्याला झाडू फिरवला तर जाळी साचत नाहीत.

कोळी मारायलाच हवा का?

घरात दिसणारे बहुतेक कोळी माणसाला धोकादायक नसतात. उलट ते डास आणि माश्या खातात. त्यामुळे काचेवरचं जाळं काढून कोळ्याला झाडावर सोडलं तरी चालतं. खिडकीजवळचा दिवा बंद राहिला, तर त्या जागी परत येण्याचं त्याचं मोठं कारणही उरत नाही.