ग्रहणात दिसलेला वारा

आमच्या शहागडात ग्रहण सुटलं की आजही कोणी ना कोणी गोदावरीवर स्नानाला जातंच. ग्रहण म्हणजे झाकणं, अशुभ, हेच आपल्या मनात बसलेलं. पण खगोलशास्त्राचा इतिहास वाचला की वाटतं, ग्रहणाने झाकलं थोडं आणि दाखवलं फार.

ग्रहणं फक्त सूर्य-चंद्राचीच नसतात. काही तारे जोडीने फिरतात आणि ठरावीक वेळाने एक दुसऱ्याला झाकतो. १७८३ साली इंग्लंडमधल्या जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या कर्णबधिर मुलाने दाखवून दिलं की अल्गोल हा तारा सुमारे २ दिवस २१ तासांनी मंदावतो. कारणही त्याने सुचवलं, ग्रहण!

१९४२ साली अमेरिकेत आल्फ्रेड जॉय यांनी वृषभेतल्या एका जोडीत मुख्य ताऱ्याभोवती फिरणारं वायूचं कडं ओळखलं. ते दिसलं तारा झाकला गेला तेव्हाच. एरवी त्याच्या तेजात लपलेलं असे.

आता जरा जवळ येऊ. १९४८ पर्यंत आमचं गाव निजामाच्या राज्यात. हैदराबादशी आमचं नातं म्हणजे रझाकार आणि मुक्तिसंग्राम, एवढंच मुलांना ठाऊक असतं. ते विसरू नयेच. पण त्याच शहरात नवाब जफरजंग यांनी १९०१ साली वेधशाळा उभारली, ती पुढे उस्मानिया विद्यापीठाकडे आली. तिथे प्रा. कृष्ण दामोदर अभ्यंकर या मराठी माणसाने अनेक वर्षं धुरा वाहिली. जपाल-रंगापूरला ४८ इंची दुर्बीण आली आणि ग्रहण लागणाऱ्या जोड्यांचा प्रकाश रात्र रात्र मोजला गेला. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावलीही रंगापूरवरून गेली. त्या दिवशी आमच्या गावातली बहुतेक दारं बंद होती.

काही जोड्यांत एक श्वेत बटू शेजाऱ्याचा वायू ओढून घेतो. तो वायू भोवऱ्यासारखा फिरत तबकडी बनवतो. १९७८ साली सोडलेल्या एका उपग्रहाच्या अतिनील वर्णपटांतून कळलं की अशा जोड्यांतून सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने वाराही सुटतो. अतिनील किरण आपली हवा अडवते, म्हणून उपग्रहच हवा होता.

पण वारा उठतो कुठून? सप्तर्षीच्या तारकासमूहात एक जोडी आहे, यूएक्स अर्सा मेजोरिस. तिला दर ४ तास ४३ मिनिटांनी ग्रहण लागतं. हबल दुर्बिणीने पाहिलं, तर ग्रहणात तबकडीचा प्रकाश बराच घटला, पण कार्बनच्या रेषांचा त्यामानाने कमी. म्हणजे त्या रेषा तबकडीपेक्षा मोठ्या, वर पसरलेल्या वाऱ्यातून येत होत्या. १९९७ मध्ये क्निगे आणि ड्रू यांनी याचं प्रारूप मांडलं. बीजगणितात आपण 'क्ष मानू' म्हणतो ना, तसंच. वाऱ्याचा आकार, वेग, घनता मानायची, संगणकात प्रकाश सोडायचा, येणारा वर्णपट खऱ्याशी ताडून पाहायचा. नाही जुळला, तर आकडे बदलायचे. त्यातून दिसलं की तबकडीलगत वाऱ्याचा दाट, संथ थर असावा. हा वारा नेमका कशाच्या जोरावर उसळतो, प्रकाशाच्या की चुंबकत्वाच्या, यावर अजून वाद आहे.

असो. माझं मागणं एवढंच. मराठवाड्यातल्या पोरांना हैदराबादचा इतिहास शिकवताना त्या वेधशाळेचंही एक पान वाचायला द्या. आणि पुढच्या ग्रहणाला दारं लावू नका. डोळ्यांना ग्रहणाचा चष्मा लावून नातवंडांना अंगणात घेऊन या.