पुण्याच्या छावणीतील मॉर्मन उपदेशक

मुळशी तालुक्यातील मारुंजीच्या शेजारी, हिंजवडीच्या काचेरी इमारतींतून आज अमेरिकेशी अहोरात्र व्यवहार चालतो. परंतु त्याच देशात १८३० साली जोसेफ स्मिथ याने स्थापिलेला मॉर्मन पंथ पुणे प्रांती १८५२ सालीच येऊन पोचला होता, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. त्या वर्षी ह्यू फिंडले नामक स्कॉटिश प्रचारक मुंबईस उतरला आणि, आगगाडी अद्याप सुरू व्हावयाची असल्याने, घाटरस्त्यानेच पुण्यास आला.

मॉर्मन प्रचारकाने त्या काळी थैली व झोळी यांवाचून हिंडावे, मुशाहिरा घेऊ नये, ज्याच्या दारी उपदेश त्याच्याच दारी अन्न, असा दंडक होता. आमच्या माधुकरीचे येथे सहज स्मरण होते. मात्र माधुकरी मागणारा बटू गृहिणीस तिचा धर्म बदलावयास सांगत नसे, हा भेद लहान नव्हे! लष्करी अंमलदारांनी फिंडलेस पुण्याच्या छावणीच्या हद्दीत उपदेशाची मनाई केली, तरीही सप्टेंबरात सुमारे डझनभर सभासदांची शाखा उभी राहिली. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टात अमेरिकेतील सॉल्ट लेक येथे पंथाने बहुपत्नीत्वाचा उघड पुरस्कार केला होता. ती वार्ता हिंदुस्थानात पोचताच होती ती सहानुभूतीही आटली, आणि काही वर्षांतच प्रचारक परतले.

आजचा मॉर्मन तरुण बहुधा अठराव्या वर्षी प्रचारास निघतो, दोन वर्षे घरापासून दूर राहतो आणि सदैव सोबत्याबरोबरच हिंडतो. फिंडले पुण्यास आला तेव्हा एकटाच होता.